पिंपळाच्या जाळीतून गळालेला गर

पिंपळाचं पान पाण्यात कुजवून त्याची जाळी करण्याचा उद्योग आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी लहानपणी केला आहे. मोठं, न किडलेलं पान निवडायचं, जुन्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवायचं आणि डबा परसात आडबाजूला ठेवायचा, कारण चार दिवसांत वास सुटतो. दोन-तीन आठवड्यांनी पान बाहेर काढून नळाखाली धरलं आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं हलक्या हातानं चोळलं की हिरवट-तपकिरी लगदा वाहून जातो आणि तळहातावर शिरांची जाळी उरते. ती वाळवून पुस्तकात ठेवायची. कुणी तिच्यावर गणपती रंगवायचं, कुणी शुभेच्छापत्रावर चिकटवायचं. जाळीचं कौतुक सगळ्यांनी केलं. मोरीतून वाहून गेलेल्या लगद्याकडे कुणी पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही.

हे पुस्तक त्या लगद्याविषयी आहे.

पानाच्या वरच्या आणि खालच्या कातडीच्या मध्ये, शिरांच्या जाळीत भरलेला जो मऊ हिरवा गर असतो, त्याला वनस्पतिशास्त्रात मेसोफिल म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एवढाच, की पानाचा मधला भाग. मी या पुस्तकात त्याला पर्णमध्य म्हटलं आहे. ज्या साध्या, पातळ भिंतींच्या पेशींनी हा गर बनतो, त्यांना पॅरेन्कायमा हे नाव १७व्या शतकात नेहेमाया ग्रू या इंग्रज वैद्यानं वनस्पतींसाठी वापरलं. तो शब्द त्यानं प्राचीन ग्रीक वैद्यकातून उचलला होता आणि तिथं त्याचा अर्थ होता ‘आजूबाजूला ओतलेलं’. शिरा म्हणजे खरा अवयव आणि उरलेलं म्हणजे फटी बुजवायला ओतलेला माल, अशी ती कल्पना. ग्रूचा मोठा ग्रंथ १६८२ सालचा. त्याच सुमाराला इटलीत मार्चेल्लो माल्पीगीही पानं चिरून पाहत होता. या दोघांनी पानाची अंतर्रचना पहिल्यांदा नीट पाहिली आणि त्यांची चित्रं आजही थक्क करतात. पण ‘ओतलेला माल’ हा भाव त्या शब्दातून आमच्या मनात उतरला तो उतरलाच. शिरेला मान, फुलाला मान, फळाला तर विचारूच नका. गर मात्र भराव.

या भरावात आपलं सगळं अन्न तयार होतं, हे आपण शाळेत शिकतो. पण कुठं तयार होतं, हे शिकत नाही. प्रकाशसंश्लेषण म्हटलं की मुलं समीकरण म्हणून दाखवतात. कार्बन डायऑक्साइड अधिक पाणी, बाणावर सूर्यप्रकाश आणि हरितद्रव्य, पलीकडे शर्करा आणि ऑक्सिजन. समीकरण बरोबर आहे. पण त्यात जागा नाही. वायू कुठून आला, कोणत्या वाटेनं गेला, वाटेत काय आडवं आलं, तयार झालेली साखर कुणी उचलली, यांतलं काहीच त्यात दिसत नाही. अनेक वर्षं शिकवल्यावर माझं असं मत झालं आहे, की या विषयाची गोडी समीकरणापाशी मरते आणि पर्णमध्यापाशी जिवंत होते. प्रकाशसंश्लेषणाला एक पत्ता आहे. तो पत्ता सांगावा, एवढ्यासाठी हे लिहायला घेतलं.

तिथं जायला सूक्ष्मदर्शकच हवा असं नाही. सुरुवात स्वयंपाकघरात होऊ शकते. पालकाची जुडी निवडताना टोपलीभर दिसते आणि शिजली की वाटीभर उरते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पेशींमधला ताठा गेला हे त्याचं एक कारण. दुसरं कारण असं, की त्या टोपलीत बरीचशी हवा होती. पान भरीव नसतं. अनेक पानांच्या एकूण आकारमानापैकी १५ ते ४० टक्के भाग ही पेशींच्या मधली मोकळी जागा असते. पालक उकळत्या पाण्यात टाकल्या टाकल्या क्षणभर त्याचा रंग एकदम गडद, चकचकीत हिरवा होतो, तेही नीट पाहावं. आतली हवा निघून त्या पोकळ्यांत पाणी शिरतं. हवेमुळे विखुरला जाणारा प्रकाश आता सरळ आत जातो आणि पानाचा फिकेपणा जातो. आंब्याचं एखादं ताजं पान कढत पाण्यात बुडवून धरा. खालच्या बाजूवर बारीक बुडबुडे जमतात, वरची बाजू जवळपास कोरी राहते. आतली हवा तापून फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट खालीच आहे, कारण आंब्याची पर्णरंध्रं खालच्या कातडीत असतात.

आता आत जाऊ. त्यासाठी मला आजही सगळ्यात विश्वासू वाटतं ते साधं दाढीचं पातं आणि भेंड. बाशिंगाला वापरतात तेच पांढरं, हलकं भेंड. त्याचा बोटाएवढा तुकडा उभा चिरायचा, चिरेत पानाची बारीक पट्टी धरायची, पातं पाण्यानं ओलं करायचं आणि आपल्याकडे ओढत सपासप काप घ्यायचे. थांबत थांबत नाही, एका लयीत. पन्नास काप होतात. त्यांतले पंचेचाळीस जाड निघतात. पाण्याच्या बशीत ते तरंगत असतात आणि त्यांतला जो जवळजवळ दिसतच नाही, तो आपला. कुंचल्याच्या टोकानं तो उचलायचा, काचपट्टीवर थेंबात ठेवायचा, वर पातळ काच हळूच टेकवायची, बुडबुडा अडकू द्यायचा नाही. बहुतेक पानांची जाडी मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी. तेवढ्या जागेत जे दिसतं, ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून परत पानाकडे पाहिलं होतं. हे याच्यात आहे, यावर विश्वास बसेना.

वर कातडीच्या रंगहीन, काचेसारख्या पेशींची एक रांग असते. तिच्या लगेच खाली, खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या लांबट पेशी दिसतात, जोंधळ्याच्या पेंढ्या उभ्या रचून ठेवाव्यात तशा. या खांबपेशी. प्रत्येकीत हिरवे ठिपके भिंतीला चिकटून बसलेले असतात आणि मधली जागा मोकळी. ते ठिपके म्हणजे हरितलवकं. एकेक सुमारे ५ मायक्रॉनचं, म्हणजे एका मिलिमीटरवर दोनशे ओळीत मांडावीत एवढं लहान. खांबांच्या खाली शिस्त मोडते. तिथल्या पेशी वेड्यावाकड्या, हातपाय पसरलेल्या, एकमेकींना टोकांनीच स्पर्श करणाऱ्या असतात आणि मध्ये मोठमोठ्या पोकळ्या. या स्पंजपेशी. त्यांच्याखाली पुन्हा कातडी, आणि तिच्यात मध्ये मध्ये दोन ओठांसारख्या पेशींची पर्णरंध्रं. रंध्राच्या आतल्या बाजूला नेमकी एक पोकळी असते, दार उघडल्यावर अंगण लागावं तशी.

वर उभ्या पेशी आणि खाली विस्कटलेल्या, हे असं का, या एका प्रश्नावर हे पुस्तक उभं आहे.

पानापुढे दोन कामं आहेत आणि दोन्हींच्या गरजा वेगळ्या. एक प्रकाश पकडण्याचं, दुसरं हवा पकडण्याचं. प्रकाश वरून येतो. सगळ्यात वरच्या हरितलवकांनीच तो सगळा गिळला तर त्यांचं नुकसान होतं आणि खालची उपाशी राहतात. उभ्या पेशींच्या मधून, त्यांच्या मधल्या मोकळ्या भागातून प्रकाशाचा काही हिस्सा खोल उतरतो. खाली स्पंजपेशींत पाणी आणि हवा यांच्या सीमा इतक्या आहेत की प्रकाश तिथं इकडून तिकडे आपटत राहतो आणि बाहेर पडण्याआधी त्याची वाट लांबते. हिरवा प्रकाश हरितद्रव्य टाकून देतं असं आपण सर्रास म्हणतो. ते अर्धंच खरं. बराचसा हिरवा प्रकाश पानात खोल जातो, आपटत राहतो आणि शेवटी खालच्या पेशींत कामाला येतो. एकूण दृश्य प्रकाशापैकी सुमारे ८५ टक्के असं साधारण हिरवं पान शोषून घेतं. कागदाएवढ्या जाडीत हे साधणं सोपं नाही.

एकाच झाडावर ही रचना बदलते, हे तर मला अजूनही नवलाचं वाटतं. शेंड्यावरचं, उन्हात वाढलेलं पान जाड असतं आणि त्यात खांबपेशी उंच, कधी दोन-तीन थरांच्या असतात. आतल्या सावलीतलं पान पातळ, रुंद आणि खांब आखूड. निलगिरीच्या मोठ्या झाडाची पानं उभी लोंबतात, दोन्ही बाजूंना ऊन लागतं, म्हणून त्यांत दोन्ही बाजूंना खांबपेशी असतात. पेशीच्या आत हरितलवकंही स्वस्थ बसत नाहीत. ऊन कोवळं असेल तर ती प्रकाशासमोर पसरतात, कडक झालं की बाजूच्या भिंतींच्या आडोशाला एकामागे एक उभी राहतात.

हवेची गोष्ट याहून अवघड. हवेत कार्बन डायऑक्साइड आहे किती, तर सुमारे ०.०४ टक्के. दहा हजार रेणूंमागे चार. एवढा विरळ माल गोळा करायचा तर पसरट, ओली भिंत हवी, कारण वायू आधी पेशीच्या ओल्या भिंतीत विरघळतो आणि मगच आत जातो. स्पंजपेशींचा वेडावाकडेपणा इथं कळतो. पेशींच्या ज्या भिंती आतल्या हवेला भिडलेल्या असतात त्या सगळ्या उलगडून पसरल्या, तर पानाच्या क्षेत्रफळाच्या १० ते २० पट जागा व्यापतील, काही पानांत त्याहूनही जास्त. खांबपेशीही वरवर चिकटून उभ्या दिसतात, पण त्यांच्यामध्ये अरुंद फटी असतात आणि त्यांच्या भिंतींचा मोठा भाग हवेशी लागलेला असतो. आणखी एक अडचण अशी, की हा वायू हवेत जितक्या वेगानं पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट सावकाश पाण्यात पसरतो. पेशीत पाण्यातून थोडं जरी अंतर कापायला लागलं तरी उशीर झाला. म्हणून हरितलवकं भिंतीला, तीही हवेकडच्या भिंतीला, चिकटून बसलेली असतात. कापात आपल्याला ठिपके कडेला दिसतात, त्याचं कारण हे.

पण ओली भिंत हवेला भिडली की ती सुकणारच. वायू आत यायला रंध्र उघडलं की पाण्याची वाफ त्याच दारानं बाहेर पळते. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू कमवायला साधारण वनस्पती पाण्याचे काही शे रेणू घालवते. हा सौदा पानाला रोज करावा लागतो. पाऊस पडला नाही, जमीन तडकली, की दार बंद ठेवावं लागतं. दार बंद केलं की पाणी वाचतं, पण आतली हवा संपते आणि पान उन्हात उपाशी उभं राहतं. दुष्काळात पीक सुकून मरतं असं आपण म्हणतो. त्याच्या कितीतरी आधी ते अर्धपोटी राहायला लागलेलं असतं.

शेतकऱ्यांना पर्णमध्य हा शब्द माहीत नसेल, पण त्यात कोण घुसतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. टोमॅटोच्या पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा उमटतात. नागअळी आली, म्हणतात. बारीकशी माशी पानात अंडं घालते आणि अळी दोन कातड्यांच्या मध्ये राहून खांबपेशी खात पुढे सरकते. रेघ सुरुवातीला दोऱ्याएवढी आणि शेवटी रुंद असते, कारण खाता खाता अळी मोठी झालेली असते. रेघ पांढरी दिसते, कारण तिथली हरितलवकं गेलेली असतात. वरची कातडी पारदर्शक आणि शाबूत. भिंगातून ती रेघ पाहणं म्हणजे पर्णमध्याचा नकाशा पाहणं आहे. अळी मोठ्या शिरांपाशी बहुधा वळते आणि मऊ गरातच राहते.

डाळिंबावरचा तेल्या हा त्याहून दाहक अनुभव. सोलापूर-नाशिककडच्या बागाइतदारांनी त्यापायी बागा उपटून टाकलेल्या आहेत. पानावर आधी जो डाग दिसतो तो तेलाचा थेंब सांडल्यासारखा, ओलसर, पारदर्शक. त्यावरूनच रोगाला नाव पडलं. जिवाणू पर्णरंध्रातून किंवा जखमेतून आत शिरतात आणि पेशींच्या मधल्या पोकळ्यांत वाढतात. तिथली हवा जाऊन पाणी साचतं, प्रकाश विखुरणं थांबतं आणि पान तिथं तेलकट दिसतं. उकळत्या पाण्यातल्या पालकाचं जे होतं तेच, फक्त इथं ते रोगामुळे. तेलकट डाग म्हणजे पानाची हवा जिथं बुडाली ती जागा, हे एकदा डोळ्यांत बसलं की डागाकडे पाहण्याची नजर बदलते.

आणि अळू. अळूच्या गरात काही पेशी सुईसारख्या स्फटिकांचे जुडगे साठवतात. कॅल्शियम ऑक्झॅलेटचे. फदफदं किंवा वडी नीट शिजली नाही तर घसा खवखवतो तो यामुळे. आईनं चिंच घातल्याशिवाय अळू कधी केलं नाही. कारण विचारलं तर ‘खाजतं’ एवढंच उत्तर. मी कॉलेजात गेल्यावर अळूच्या देठाचा रस काचपट्टीवर घेऊन त्या सुया तिला दाखवल्या होत्या. तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, ‘म्हणजे हे बोचतं होय.’

प्रकाशसंश्लेषणाचा इतिहास बहुतेक पुस्तकांत वायूंचा इतिहास म्हणून सांगतात. प्रीस्टलीनं १७७१ साली मेणबत्तीनं नासलेली हवा पुदिन्याच्या फांदीनं सुधारते हे पाहिलं. यान इंगेनहौझ या डच वैद्यानं १७७९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळ राहून शेकडो प्रयोग केले आणि दाखवलं, की हे काम उन्हातच होतं आणि झाडाचे हिरवे भागच ते करतात. पुढे सेनेबिए आणि द सोस्यूर यांनी वायू आणि पाण्याचा हिशेब मांडला. हे सगळे पानाच्या बाहेर उभे होते. काय आत गेलं आणि काय बाहेर आलं, ते मोजत होते. आत पहिलं पाऊल टाकलं ते यूलिउस झाक्स यानं, १८६०च्या दशकात. उन्हातल्या हरितलवकांत स्टार्चचे कण तयार होतात, हे त्यानं आयोडिनच्या साहाय्यानं दाखवलं. पानाला काळा कागद लावून, मद्यार्कात उकळून, आयोडिन टाकण्याचा आपला शाळेतला प्रयोग त्याच परंपरेतला. आणि १८८४ साली ग्राट्सच्या गॉटलीब हाबरलांट यानं एक ग्रंथ लिहिला, ज्यात वनस्पतीच्या प्रत्येक ऊतीला त्यानं एकच प्रश्न विचारला, की तू अशी का आहेस, तुझं काम काय. या विषयात मी गुरू मानतो तो त्याला.

हाबरलांटनं काही गवतांच्या पानांत एक वेगळी गोष्ट नोंदवली. त्यांत खांबपेशी आणि स्पंजपेशी अशी विभागणी नव्हती. प्रत्येक शिरेभोवती मोठ्या, गडद हिरव्या पेशींचं कडं होतं आणि त्या कड्याभोवती पर्णमध्याच्या पेशी किरणांसारख्या लागलेल्या. त्याला ती फुलांची माळ वाटली, म्हणून जर्मन शब्द क्रांझ. त्या माळेचं काम पुढची ८० वर्षं कुणाला कळलं नाही.

ती माळ आपल्या शेतात आहे. ज्वारीच्या पानाचा आडवा काप घ्या, बाजरीचा घ्या, मक्याचा, उसाचा घ्या. हिरवी कडी एकाशेजारी एक ओळीनं दिसतील. मग गव्हाचा किंवा भाताचा काप घ्या. कडं नाही, सगळीकडे सारखा हिरवा गर. दोन्ही गवतंच, दोन्ही धान्यंच, आणि आतून दोन वेगळी घरं.

या फरकाचं काम काय, याची पहिली चाहूल तराजूला लागली होती. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ॲक्रन इथं ब्रिग्ज आणि शँट्झ या दोघांनी १९१०च्या दशकात कुंड्यांत पिकं वाढवून, एक किलो कोरडा माल तयार करायला प्रत्येक पीक किती पाणी पितं, ते वर्षानुवर्षं वजन करून काढलं. गव्हाला ५०० किलोच्या वर लागलं. ज्वारीला ३०० च्या आसपास. का, हे त्यांना सांगता आलं नाही. उत्तर उसातून आलं. बर्कलीच्या केल्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून दाखवलं होतं, की कार्बन डायऑक्साइड पानात पकडला की पहिल्यांदा तीन कार्बनांचं संयुग बनतं. त्याबद्दल केल्विन यांना १९६१ चं नोबेल मिळालं. पण १९६५ साली हवाईतल्या ऊस संशोधकांनी कळवलं, की उसात पहिल्यांदा चार कार्बनांची संयुगं दिसतात. पुढच्याच वर्षी ब्रिस्बेनमध्ये, एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत, हॅच आणि स्लॅक यांनी ती वाट उलगडायला सुरुवात केली.

कोडं सुटलं ते माळेपाशी. कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को नावाचं विकर फार हळू काम करतं आणि त्याला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड यांतला फरक नीट कळत नाही. ऊन वाढलं की चुका वाढतात, आणि प्रत्येक चुकीला आधी कमावलेला कार्बन परत जातो. ज्वारी-उसात बाहेरच्या पेशी हा वायू चूक न करणाऱ्या दुसऱ्या विकरानं पकडतात, चार कार्बनांच्या आम्लात बांधतात आणि आतल्या कड्यात पोचवतात. तिथं तो सोडला जातो. कड्यात त्याची दाटी होते आणि रुबिस्कोला ऑक्सिजन धरायची संधीच फारशी मिळत नाही. याला जादा ऊर्जा लागते, पण आपल्याकडच्या उन्हात ती परवडते. रंध्रं थोडी मिटलेली ठेवली तरी चालतं, म्हणून पाणी वाचतं. माल लांब न्यायचा नसतो, म्हणून शिरा जवळजवळ असतात. दोन शिरांच्या कड्यांमध्ये बहुधा दोनच पेशींचं अंतर. ज्वारीचं पान उजेडासमोर धरलं तर त्या दाट समांतर रेघा नुसत्या डोळ्यांनीही जाणवतात. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, मुरलेल्या ओलीवर ज्वारी उभी राहते, त्यात जमिनीचा, मुळांचा वाटा आहेच. पण पानातल्या या माळेचाही आहे.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण तिचा गैरवापर होतो. ऊसही याच गटातला, म्हणजे पाण्याचा काटकसरी, असं कुणी म्हणेल. एक किलो मालामागे तो काटकसरी आहेच. पण तो बारा ते अठरा महिने रानात उभा असतो आणि अवाढव्य माल तयार करतो. एकरी हिशेब केला तर पाणी प्रचंडच लागतं. पेशीची काटकसर धरणाच्या हिशेबात आपोआप उतरत नाही.

भातात ही माळ बसवता येईल का, यावर फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत आणि पुढे अनेक देशांतल्या प्रयोगशाळांत काम सुरू झालं. विकरं घालता येतात. पण शिरा जवळ आणायच्या, कड्यातल्या पेशी मोठ्या करायच्या, त्यांत हरितलवकं भरायची, म्हणजे गराची सगळी वास्तू बदलायची. तसा भात अजून शेतात आलेला नाही. निसर्गात मात्र ही रचना वेगवेगळ्या कुळांत साठाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उपजली आहे. आपला राजगिरा आणि माठ गवताच्या कुळातले नाहीत, तरी त्यांत ती आहे.

काही वनस्पतींनी जागेऐवजी वेळ वाटून घेतली. पानफुटीचं पान आपण मुलांना देतो, ते कडेनं कोंब फोडतं म्हणून. त्याच पानाबद्दल मद्रासकडे कंपनी सरकारच्या नोकरीत असलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानं इंग्लंडला एक पत्र लिहिलं, जे लिनियन सोसायटीनं १८१५ साली छापलं. सकाळी पान चाखलं तर आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडू, असं त्यानं लिहिलं होतं. रात्री गार हवेत रंध्रं उघडायची, वायू आम्लाच्या रूपात गरातल्या फुगीर पेशींत साठवायचा, आणि दिवसा दार लावून तो वापरायचा, हे त्यामागचं काम उमगायला शंभराहून जास्त वर्षं गेली. जिभेनं लागलेला हा शोध मला फार प्रिय आहे. आपल्या पावसाळी भाज्यांतली घोळ तर दोन्ही युक्त्या जाणते. एरवी ज्वारीसारखी माळेची आणि पाणी तुटलं की पानफुटीसारखी रात्रीची. दोन्ही एकाच पेशीत चालतात, हे २०२२ मध्ये दाखवलं गेलं. बाजारात ती जुडीनं मिळते आणि बांधावर फुकट उगवते.

शाळेतल्या एका प्रयोगाबद्दल माझी तक्रार आहे. चंचुपात्रात हायड्रिला, वर उलटं नरसाळं, त्यावर परीक्षानळी आणि वर जाणारे बुडबुडे. सुंदर प्रयोग आहे. जगदीशचंद्र बोस यांनीही या वनस्पतीवर फार काम केलं. प्रकाशसंश्लेषणावरचा त्यांचा ग्रंथ १९२४ सालचा. पण हायड्रिलाचं पान दोनच पेशींच्या थरांचं असतं. त्याला पर्णरंध्रं नाहीत आणि पर्णमध्य तर नाहीच, कारण पाण्यात राहणाऱ्याला सुकण्याची भीती नाही आणि तो वायू पाण्यातूनच घेतो. मुलांना प्रकाशसंश्लेषण दाखवायला आपण नेमकी अशी वनस्पती निवडतो, जिच्यात जमिनीवरच्या झाडाची सगळी धडपड गैरहजर आहे. तो प्रयोग जरूर करावा. पण त्याच तासाला शेजारी जास्वंदीच्या पानाचा एक काप ठेवावा आणि मुलांना विचारावं, की याला एवढं घर बांधायची गरज का पडली असेल.

पुढची प्रकरणं मी या प्रश्नाच्या मागे लागूनच लिहिली आहेत. त्यांत वाचायच्या जागांपेक्षा करून पाहायच्या जागा जास्त आहेत. लागणारं सामान थोडं आहे. पातं, भेंड किंवा ते न मिळाल्यास गाजराचा तुकडा, काचपट्ट्या आणि शाळेच्या कपाटात धूळ खात असलेला सूक्ष्मदर्शक. चित्रं मी स्वतः कापांवरून काढली आहेत, ती पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांइतकी नीटनेटकी नाहीत. खरे कापही तसे नसतात. परिभाषेत जिथं मराठी शब्द तोंडी रुळला आहे तिथं तो ठेवला, जिथं नाही तिथं खांबपेशी, स्पंजपेशी असे सरळ शब्द केले. ते कुणाला न पटले तर त्यांनी आपले करावेत.

पहिल्या प्रकरणाला हात घालण्याआधी एक पिंपळाचं पान पाण्यात टाकून ठेवा. जाळीसाठी ठेवायचो तसंच. आठवड्याभरानं कातडी सैल झाली की काडीनं थोडा गर खरवडा आणि बशीत घ्या. रंग उतरलेला असेल, वासही येईल. त्यातला एक थेंब काचपट्टीवर ठेवा. पेशी एकमेकींपासून सुट्या झालेल्या असतील, त्यांतल्या लांबट कोणत्या आणि हातपाय पसरलेल्या कोणत्या, ते शोधा. जाळी नंतर करू.